खाटेखालची मगर

तिसऱ्या रात्री अडीच वाजता
आईने पाय छातीशी ओढून घेतले
आणि घरात पाहुणे असताना
दूध संपल्याचं सांगावं तसं, हळूच म्हणाली,
"खाटेखाली मगर आहे."

दुसऱ्या गावी हा सरळ भ्रम ठरला असता.
बडोद्यात माणूस आधी वाकून बघतो.
मीही वाकलो.
लघवीची पिशवी, माझी चप्पल,
कुणाच्या तरी बिस्किटांचा कागद.

हंसाबेन सिस्टरनी तर टॉर्च आणला.
"आमच्या सोसायटीत पूर उतरल्यावर
जिन्यात निघाली होती. फोन केला, नेली.
हिलाही नेतील."
आणि खरंच कानाशी मूठ धरून
कुणाला तरी पत्ता सांगितला, वॉर्डाच्या नंबरासकट.
आईने ऐकून घेतलं.
पाय मात्र सोडले नाहीत.

माझ्याशी ती गुजरातीत बोलत होती.
"भाई, मने घेर जवुं छे."
हंसाबेनशी मराठीत.
साठ वर्षं दोन भाषांची दोन कपाटं
नीट लावून ठेवणारी बाई,
कुणी एका रात्रीत दोन्ही जमिनीवर ओतली होती.
पाटीवर लिहिलं होतं, मंदाकिनीबेन टिपणीस, खाट अकरा.
मी छप्पन वर्षांचा, त्या पाटीशी
कुणाचाच नसल्यासारखा उभा.

सकाळी डॉक्टर पारेखांनी विचारलं,
"माजी, आज वार कोणता?"
"एवढं घड्याळ घालता, आणि मला विचारता?"
"बरं, विसापासून उलटं मोजा."
वीस. एकोणीस. अठरा.
"अठराव्या वर्षी मी न्यायमंदिरात टायपिंगला लागले."
आणि बोटं चादरीवर धावू लागली,
ओळ संपली की डावा हात उचलून
हवेतला दांडा ढकलायची.
घंटी फक्त तिलाच ऐकू येत होती.

रिपोर्ट आला. सोडियम एकशे चौदा.

खत कारखान्याच्या लॅबमध्ये
एकतीस वर्षं मी क्षार मोजले,
थेंब थेंब, रंग पालटेपर्यंत.
आणि दिवाळीपासून घरातली मिठाची बरणी
मीच वरच्या फळीवर ठेवली होती,
रक्तदाब, रक्तदाब म्हणत.
त्यात ती नवी गोळी, पाण्याबरोबर मीठही ओढून नेणारी.
वरणाला चव नाही, ती म्हणायची.
मी म्हणायचो, वय झालं, जीभ गेली.

"सावकाश वाढवू," डॉक्टर म्हणाले.
"घाई केली तर मेंदूच दुखावतो.
बांधू नका. दिवसा पडदे उघडे ठेवा.
कानातलं मशीन लावा. चष्मा कुठाय यांचा?"
चष्मा माझ्या खिशात होता,
हरवू नये म्हणून.

पाचव्या दिवशी मगर गेली.
आईने मला नावाने हाक मारली
आणि लगेच विचारलं,
"दाढी का वाढवलीस? कोण गेलं?"

व्हरांड्यात पारेख आवाज खाली आणून बोलले.
असं एकदा झालं की पुढे लक्ष ठेवावं लागतं.
विसरणं येतंच असं नाही, पण
त्याने घर पाहून ठेवलेलं असतं.
किंवा आधीच आलं असेल,
आणि आपण त्याला वय म्हणत असू.

तेव्हापासून मी मोजतो.
गॅस बंद केला का. समोरच्या कलाबेनचं नाव.
लिलो चिवडा दोनदा आला मंगळबाजारातून,
की मीच दोनदा सांगितलं होतं?
परवा ताट पुढे सरकवून ती म्हणाली,
"मीठ वाढ. आणि परीक्षा घेणं बंद कर."
वाढलं.

काल तपासणीहून परतताना
काळ्या घोड्याजवळच्या पुलावर रिक्षा अडकली.
खाली विश्वामित्री. काठावर
चिखलाच्याच रंगाची, लांब, खरी.
आई बाहेर वाकली, चष्मा नाकावर दाबून
बराच वेळ बघत राहिली.
"तीच," म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.
हसतेय की नाही, कळेना.
मागून हॉर्न वाजू लागले.